सहा स्लाइडा आणि बाहेरची कडी

त्या खोलीत इतका अंधार असायचा की एकदा एका माणसाने स्वतःचा समजून माझा डबा खाल्ला, आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोला शाबासकी दिली की आजची भाजी फार चांगली झाली होती. बाई तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्या खोलीत डोळ्यांनी पाहिलेलं असं कोणाचंच काही नाही.

खोली आमच्या कंपनीची. त्या वेळी पिंपरी-चिंचवडच्या माळावर महिन्याला एक शेड उभी राहत होती. त्यांतल्याच एका शेडमागे रंगाचे डबे ठेवायची एक पत्र्याची खोली होती. डबे हलवले आणि तिथे ट्रेनिंगचा वर्ग बसवला. कारण असं झालं होतं की आमचे ट्रेनिंगचे साहेब सहा महिने परदेशात राहून आले. तिकडून येताना लोक चॉकलेटं आणतात, ह्यांनी स्लाइड प्रोजेक्टर आणला. वर गोल ताट, ताटात खोचलेल्या ऐंशी स्लाइडा, बटण दाबलं की खट्‌ करून ताट एक घर पुढे सरकायचं आणि भिंतीवरच्या चादरीवर रंगीत चित्र उमटायचं. साहेब त्या ताटाला असा हात लावायचे की लोक देवघरातल्या शाळिग्रामालाही लावत नाहीत.

स्लाइडांना अंधार लागतो. खिडक्यांच्या काचांना काळा रंग दिला, तरी फटींतून उजेड यायचा. म्हणून साहेबांनी मला पिंपरी कॅम्पात काळं कापड आणायला धाडलं. वीस वार काळं मागितल्यावर दुकानदाराने हात जोडून विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणालो, "अजून कोणी नाही, पण उद्यापासून तीस-तीस जण आत जाणार आहेत."

दाराची गोष्ट वेगळी. त्याचं आतलं कुलूप बिघडलेलं. वारा आला की दार आपोआप उघडायचं आणि उजेडाचा पट्टा चादरीवर पडून चित्र पुसून टाकायचा. तेव्हा साहेबांनी दाराला बाहेरून कडी ठोकली. शिपाई सकाळी नऊला आम्हाला आत घालून कडी लावायचा आणि जेवणाच्या भोंग्याला उघडायचा. मध्ये कुणाला लघवीला लागली तर दार ठोठावायचं. शिपाई कँटीनमध्ये चहा पीत असायचा. पंखाही बंद, कारण पंख्याने चादर हलते. वर पत्रा तापलेला. एप्रिलमध्ये तर माणसं आत जाताना पैलवान असत आणि बाहेर येताना नुसती हाडं. मी माझ्या पँटला दोनदा नवी भोकं पाडून घेतली.

आता मी त्या खोलीत कसा शिरलो ते सांगतो. माझ्या तोंडामुळे. मी लेथवरचा टर्नर, हात चांगला. पण कँटीनमध्ये जेवताना माझी टकळी चालू असायची. एके दिवशी मी सांगत होतो की काल माझ्या लेथवरून लोखंडाची अशी सलग साल निघाली की ती गेटातून बाहेर पडून चिंचवड स्टेशनपर्यंत गेली आणि तिथल्या बायकांनी तिच्यावर धुणं वाळत घातलं. टेबल हसत होतं. पाठीमागे जेवणाचं ताट घेऊन साहेब उभे होते, तेही हसत होते.

"उद्यापासून माझ्याकडे ये," ते म्हणाले. "दोन आठवडे फक्त."

साहेबांची अडचण खरी होती. स्लाइडांबरोबर एक टेप आली होती. तिच्यावरचा परदेशी माणूस तोंडात सुपारी धरल्यासारखं इंग्रजी बोलायचा, आणि दर चित्राच्या शेवटी टुंग वाजायचं. वर्गातली माणसं आसपासच्या गावांतली. ज्यांच्या जमिनी कंपनीत गेल्या होत्या त्यांना एकेक नोकरी मिळालेली. निम्मे रात्रपाळी करून थेट वर्गात येत. अंधार, उकाडा आणि सुपारीचं इंग्रजी. दहाव्या स्लाइडला तीसच्या तीस घोरायला लागायचे, आणि त्या घोरण्याच्या लयीत टेपचं टुंग बरोबर समेवर पडायचं. महिन्याच्या शेवटी साहेब परीक्षा घेत. पाच पायऱ्यांचा एक लोखंडी दांडा आणि हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी. पाचही मापं बिनचूक वाचायची. पहिल्या तुकडीत दोघं पास झाले. एकाने आधी भोसरीच्या वर्कशॉपात काम केलेलं, आणि दुसरा त्याच्या शेजारी बसलेला.

म्हणून टेप बंद आणि मी सुरू.

ऐंशी स्लाइडा, मध्ये चहासुद्धा नाही. प्रत्येक चित्रात एकच माणूस होता. पिवळे केस, निळे कपडे, कपड्यांवर तेलाचा एक डाग नाही. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "ह्यो कोण म्हनायचा?"

"कामगार आहे, तिकडचा."

"हात बगा की त्येचं. कामगार कसला, जावई हाय. सासुरवाडीला आलाय."

तेव्हापासून तो जावई. मी मग जावयाच्या गोष्टी रचायला लागलो. जावई मशिनवर का रुसला, सासऱ्याने त्याला व्हर्नियर का घेऊन दिलं, अधिक महिन्यात त्याने चांदीचं ताट सोडून मायक्रोमीटर कसं मागितलं. खट्‌, पुढची स्लाइड, पुढची गोष्ट. माणसं जत्रेतल्या तंबूत बसल्यासारखी टाळ्या वाजवायची. पत्र्याबाहेर हसण्याचा आवाज गेला की साहेब समाधानाने मान हलवायचे. परीक्षेत तिसांतले बारा-तेरा पास होऊ लागले. साहेबांनी भिंतीवर आलेख काढला आणि दोन आठवड्यांचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. दोन आठवड्यांचे दोन महिने झाले, मग वर्ष झालं. मी घरी जेवतानासुद्धा भाकरी संपली की "पुढची" म्हणायचो. बायको म्हणाली, "खट्‌ पण म्हणा, मग वाढते."

इथपर्यंत मी सोसलं. पण नागपंचमीच्या सुमाराला टूलरूमचे मेस्त्री मला गेटावर भेटले.

टूलरूम म्हणजे आम्हा टर्नरांचा स्वर्ग. बाकीच्या शेडमध्ये एकच तुकडा दिवसाला दोनशे वेळा करायचा. टूलरूममध्ये रोज नवं काम. आणि तिथे उत्तरेला माणसाच्या दुप्पट उंचीच्या काचेच्या खिडक्या होत्या. दिवसभर थंड, सारखा उजेड. मी तीन वर्षं तिथे जायचा अर्ज करत होतो.

मेस्त्री म्हणाले, "काय राव, लेथ येतोय नवा. तुझा हात मला ठाऊक आहे. दिवाळीपर्यंत मोकळा ठेवतो. पुढे नाही. साहेबाकडून सुटका करून घे."

मी धावतच साहेबांकडे गेलो. साहेबांनी आलेखाकडे बोट केलं. "निकाल इतका चांगला येतोय, तुला सोडू कसा? निकाल पडला असता तर गोष्ट वेगळी होती."

झालं. मला वाट सापडली. निकाल पाडायचा. दिवाळीपर्यंत तीन तुकड्या होत्या.

एक मात्र सांगतो. सोमवारी आम्ही सुरक्षेच्या स्लाइडा दाखवायचो: बाह्या कशा खोचायच्या, हातात घड्याळ का घालायचं नाही, लोखंडाचा तुकडा पकडून फिरणाऱ्या चकजवळ हात का न्यायचा नाही. त्यांना मी बोट लावलं नाही. मला टूलरूममध्ये जायचं होतं, कुणाची बोटं घालवून नव्हे. माझी लबाडी फक्त मापाच्या धड्यापुरती.

त्यांतल्या पहिल्या तुकडीला मी मापाच्या स्लाइडा ताटातून काढल्या आणि माझ्या जेवणाच्या डब्यात लपवल्या. ठेवल्या फक्त सहा. हिशोब सरळ होता. सहा चित्रांत कोण काय शिकणार? पहिली स्लाइड लावली, जावई लेथपाशी उभा राहून व्हर्नियरने माप घेतोय ती, आणि बसून राहिलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. माणसं वैतागली. मग करायला दुसरं काहीच नाही म्हणून ती चित्राकडे बघायला लागली.

त्या तुकडीत पुनावळ्याचे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. मुलगा फौजेत, म्हणून घराला मिळालेल्या नोकरीवर हे स्वतः आलेले. पहिल्या दिवशी आत शिरताना त्यांनी उंबऱ्यावर जरा थांबून पायाने जमीन दाबली होती. "हितं माझा हरभरा असायचा," एवढंच म्हणाले आणि अंधारात जाऊन बसले.

तर ते आबा पंधराव्या मिनिटाला बोलले. "मास्तर, जावयाच्या मनगटाला घड्याळ हाय."

मी बघितलं. होतं.

"सोमवारी तुमीच म्हनला, घड्याळ घालायचं न्हाई."

"म्हणालो होतो."

"आन्‌ त्यो चक बगा. चकाचं जबडं दिसत न्हाईत, नुसतं फिक्कट गोल दिसतंय. म्हंजी चक फिरतोय."

पलीकडून एक तरुण ओरडला, "व्हय की! फिरता जॉब मोजतंय बेनं!"

खोलीत अशी आरोळी उठली की शिपायाने भोंगा समजून कडी काढली. तीसच्या तीस जणांनी चादरीपाशी गर्दी केली. जावयाने आणखी काय काय चुकवलंय ते शोधायची शर्यत लागली. व्हर्नियर तिरकं धरलंय. डोळा सरळ रेषेत नाही. बाही सुटलीय. आणि मी? मी टर्नर. मी हे चित्र वर्षभर रोज दाखवत होतो, आणि माझ्या गोष्टींच्या नादात मला ते एकदाही दिसलं नव्हतं. अंधार होता म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही, एवढंच.

त्या तुकडीत एकोणीस जण पास झाले. साहेबांनी आलेखाला वरून कागद जोडला.

मी म्हटलं, चुकलं आपलं. स्लाइडा कमी केल्या पण आबांना उत्तर द्यायला तोंड उघडलंच. दुसऱ्या तुकडीला तोंडच बंद करायचं. ताट सहा स्लाइडांचंच ठेवलं आणि वर्गात शिरताना तोंडात मोठी सुपारी टाकली. गप्प राहणं मला किती जड जातं ते माझ्या सासुरवाडीला विचारा. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही मी भटजीला गोष्ट सांगत होतो. तिसऱ्या दिवशी माझ्या कानांतून वाफ यायला लागली, पण बोललो नाही.

व्हर्नियरच्या पट्ट्यांचं मोठं चित्र चादरीवर. वर मोठी पट्टी, खाली छोटी सरकती पट्टी, दोन्हींवर बारीक रेघा. कुणाला काही कळेना. शेवटी चाकणकडचा एक गडी म्हणाला, "मास्तरला वाचा गेली वाटतं. आता आपुनच बगू."

आबा पहिल्या खेपेला नापास झाले होते, म्हणून या तुकडीतही होते. ते उठले आणि प्रोजेक्टरच्या उजेडात जाऊन उभे राहिले. अर्धी पट्टी त्यांच्या पागोट्यावर उमटली.

"कांद्याचं रोप लावताना दोरीला गाठी मारता का न्हाई?"

"मारतो की."

"मग धर, दोन दोऱ्या हायेत. हिला नऊ बोटांत नऊ गाठी. तिला तेवढ्याच नऊ बोटांत धा गाठी. म्हंजी तिच्या जरा दाट. आता दोन्ही शेजारी ठिव आन्‌ एक जराशी सरकव. समद्या गाठी चुकत्यात, एकच गाठीसमूर गाठ येती. कितवी आली?"

चाकणचा गडी चादरीला नाक लावून मोजत होता. "सहावी."

"मग बारीक माप सहा. संपलं."

आबांनी हे आत्ताच, उभ्या उभ्या शोधून काढलं होतं. ते स्वतःच दचकले आणि हळूच खाली बसले. मी इतकी वर्षं व्हर्नियर वापरत होतो, पण ती छोटी पट्टी असं का करते हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. सुपारी गिळली गेली. मी उठलो, भिंत चाचपडत दिवा लावला, कपाटातली खरीखुरी व्हर्नियरं काढून तिघांत एक अशी हातांत दिली. का दिली ते मला विचारू नका. लबाडी करायला बसलेल्या माणसाने असं करू नये. पण तीस माणसं समोर एकदम जागी झालेली असताना त्यांना रिकाम्या हातांनी बसवून ठेवणं माझ्याच्याने झालं नाही.

चोवीस पास. आबाही.

आता एकच तुकडी उरली होती आणि दिवाळी पाच आठवड्यांवर. टूलरूमच्या खिडकीवरून जाताना मी मुद्दाम सावकाश चालायचो. नवा लेथ आला होता. हिरवा रंग, वर अजून कागद गुंडाळलेला. मेस्त्री आतून उरलेल्या आठवड्यांची बोटं दाखवायचे, आधी पाच, मग चार.

मी शेवटचा डाव टाकला. माप उघडउघड चुकीचं सांगायचं. तिसरी तुकडी, सहावी स्लाइड. पट्टी सत्तावीस पूर्णांक सहावर. मी छाती काढून म्हणालो, "हे माप आहे सत्तावीस पूर्णांक चार."

तीस माना चादरीकडे वळल्या.

मग कोपऱ्यातून भीत भीत, "मास्तर, सहा न्हाई का?"

"चार!"

"सहाच हाय. या हिकडं, दोरी बगा." आबांची दोरी तोवर गावोगाव पोचली होती.

मास्तर चुकतो म्हटल्यावर जी मजा येते ती जावयाच्या गोष्टींत नाही. दुसऱ्या दिवसापासून माणसं पाच मिनिटं आधी येऊन दारापाशी उभी राहायची. मी आकडा बोलायचा अवकाश, की तीस जण "चुकलं!" म्हणून पत्रा हलवायचे. ज्यांना येत होतं ते न येणाऱ्याला मागे ओढून दाखवायचे, कारण मला पकडायचं श्रेय पूर्ण बाकाला हवं असायचं. परीक्षेला तिसांतले एकोणतीस पास झाले. तिसावा तापाने घरी होता. साहेबांचा आलेख छताला लागला. हे मात्र मी ताणून सांगत नाही, खोलीच ठेंगणी होती.

साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर त्यांनी स्वतः लिहिलेला अहवाल होता, वर्गात स्लाइडांचा परिणामकारक वापर कसा करावा. त्यात लिहिलं होतं की निदेशकाने ऐंशीऐवजी सहाच स्लाइडा निवडल्या, प्रत्येक चित्र निरखायला पुरेसा वेळ दिला, स्वतः कमी बोलून शिकणाऱ्यांना बोलतं केलं, अधूनमधून दिवा लावून खरं हत्यार हातात दिलं, आणि जाणूनबुजून चुका करून लक्ष जागं ठेवलं. शेजारी दुसरा कागद होता. मला ट्रेनिंगचा कायमचा निदेशक केल्याचा.

कायमचा. मला त्या खोलीतला पत्रा डोक्याला टेकल्यासारखं झालं.

मग मी आयुष्यात क्वचित करतो ते केलं. खरं सांगितलं. डब्यात लपवलेल्या स्लाइडा, सुपारी, चुकीचा आकडा, टूलरूमचा लेथ, सगळं. "साहेब, मी शिकवत नव्हतो. निकाल पाडत होतो. मला इथून सोडा."

साहेब हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसले. बाहेरून त्यांच्या कारकुनाला आत बोलावून मला म्हणाले, "पुन्हा सांग, ह्यांना सांग."

"साहेब, आईची शपथ."

"चिंचवड स्टेशनपर्यंत गेलेल्या सालीनंतर ही तुझी सगळ्यांत झकास गोष्ट," साहेब म्हणाले आणि कागदावर सही केली.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी टूलरूममध्ये गेलो. मेस्त्रींनी मान हलवली. हिरव्या लेथवर चाकणचा तो गडी उभा होता, दोन दोऱ्यांच्या तुकडीतला. खिडकीतला उजेड त्याच्या हातांवर पडला होता.

"तुझ्याच अंधारातला आहे," मेस्त्री म्हणाले. "माप बिनचूक. कामाला लागताना घड्याळ काढून खिशात ठेवतो, मोजण्याआधी चक पूर्ण थांबवतो, मग आपल्याशीच हसतो. विचारलं तर म्हणतो, जावई नको व्हायला. हा जावई कोण रे?"

गड्याने मला पाहिलं आणि लेथ थांबवून नमस्कार केला. "मास्तर, या की. चालवून बगा."

मी हाताची घडी घालून उभा राहिलो. हात बाहेर काढले असते तर मी त्याला बाजूला ढकललं असतं. "चालू दे तुझं," एवढं म्हणालो आणि भोंगा व्हायच्या आत परत आलो.

साहेब म्हणाले, नवीन पद आहे, काही हवं असेल तर माग. टेबल, खुर्ची, नवा पंखा. मी म्हणालो, दाराची कडी काढून आतून लावा. साहेबांना यातही काही विनोद आहे असं वाटलं, पण त्यांनी सुताराला चिठ्ठी दिली.

सोमवारी नवी तुकडी आली. तीस माणसं आत, पडदे ओढले, मी स्वतःच्या हाताने आतून कडी लावली. पहिली स्लाइड, दिवा, दुसरी स्लाइड, दिवा. मधेच जेवणाचा भोंगा झाला. मी सवयीने हातातलं बटण खाली ठेवलं, डबा उचलला आणि दारापुढे जाऊन उभा राहिलो. बाहेर पावलं वाजत होती, लोक कँटीनकडे निघाले होते. माझ्या मागे तीस जण उभे. बराच वेळ गेला. शिपाई काही येईना.

शेवटी पाठीमागून कुणीतरी माझ्या खांद्याला बोट लावलं.

"मास्तर, कडी तुमच्याच हाताशी हाय."